मुहूर्ताची तारीख आधी रद्द करा

प्रश्न: माझे पहिलेच बाळंतपण आहे. 36 आठवडे नुकतेच पूर्ण झाले असून बाळ पायाळू आहे. सासूबाई म्हणतात, त्यांचा मुलगाही पायाळूच जन्मला आणि सुखरूप झाला, मग पोटावर शस्त्रक्रिया कशाला? मिस्टरांना सिझेरियनच हवे आहे. बाळ बाहेरून फिरवून पाहण्याबद्दल डॉक्टर काही बोलल्या होत्या, पण गुरुजींनी सिझेरियनसाठी पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारचा मुहूर्त काढून दिल्यामुळे तो विषय मागे पडला. सासूबाईंची समजूत कशी घालू?

उत्तर: गुरुवारचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकले आहे आणि माझे सगळे लक्ष तिथेच अडकले आहे. त्या दिवशी 37 आठवडे पूर्ण होऊन जेमतेम काही दिवस झालेले असतील. कळा सुरू होण्याआधी ठरवून केलेले सिझेरियन, दुसरे काही वैद्यकीय कारण नसेल, तर 39 आठवडे पूर्ण झाल्यावर करतात, कारण त्याआधी काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास होऊन नवजात अतिदक्षता विभागात ठेवावे लागण्याची शक्यता वाढते. तुमच्या घरात सिझेरियन की नैसर्गिक प्रसूती यावर वाद चालू आहे आणि बाळाचे जवळजवळ दोन आठवडे कोणी काढून घेतले, याकडे कोणाचेच लक्ष नाही. स्पष्टच लिहिते, तुमचेही नाही.

गुरुवारची घाई नसेल तर या काळात बाळ फिरवून पाहता येईल. पहिलटकरणीला हा प्रयत्न 36 आठवड्यांपासून सुचवतात, म्हणजे तुमची वेळ आत्ताच आहे. गर्भाशय सैल करणारे औषध देऊन, सोनोग्राफीने बाळाची स्थिती पाहून आणि ठोक्यांवर लक्ष ठेवून डॉक्टर पोटावरून हातांनी बाळाचे डोके खाली आणतात. पहिल्या खेपेला साधारण दहापैकी चार जणींना यात यश येते, आणि एकदा फिरलेले बाळ सहसा पुन्हा उलटत नाही. सुमारे दोनशेत एकीला तातडीचे सिझेरियन लागते, म्हणून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच हे करावे. वार (प्लासेंटा) खाली असेल किंवा रक्तस्राव झाला असेल तर ते करत नाहीत. घरी मालिश करून तर मुळीच करायचे नाही.

सासूबाईंचा अनुभव खरा आहे, पण त्या काळी पायाळू बाळ खालून सोडवणारे हात पुष्कळ होते. 2000 मध्ये पायाळू प्रसूतींवरील 26 देशांतील मोठ्या चाचणीचा निष्कर्ष ठरवून केलेल्या सिझेरियनच्या बाजूने लागला आणि त्यानंतर डॉक्टरांचा खालून सोडवण्याचा सराव झपाट्याने कमी झाला. ब्रिटनमधील 2017 च्या मार्गदर्शिकेनुसार ठरवून खालून केलेल्या पायाळू प्रसूतीत बाळ दगावण्याचे प्रमाण हजारात सुमारे दोन, तर 39 आठवड्यांनंतरच्या सिझेरियनमध्ये दोन हजारांत सुमारे एक आहे. मात्र सिझेरियनच्या व्रणामुळे पुढच्या गरोदरपणात वार चिकटून बसण्यासारखे धोके वाढतात, हेही मिस्टरांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला हवे.

तेव्हा सासूबाईंची समजूत राहू द्या. उद्या सकाळीच मिस्टरांना घेऊन डॉक्टरांकडे जा, गुरुवारची तारीख रद्द करा आणि बाळ फिरवण्याची वेळ मागून घ्या. नाहीच फिरले आणि पायाळू प्रसूतीचा सराव असलेले डॉक्टर जवळ नसतील, तर 39 आठवडे पूर्ण झाल्यावर सिझेरियन करा. मधेच कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेले, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठा, कारण पायाळू बाळाच्या आधी नाळ खाली सरकण्याची भीती अधिक असते.