आईच्या मोबाईलमधली बातमी

प्रश्न : मी कराड तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. मुलगी कराडला बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्याच्या कंपनीत निवड होईल असं तिचे सर म्हणतात. पण तिला 'डिजिटल प्रायव्हसी'वर स्वतंत्र पत्रकारिता करायची आहे. अंगणवाडीतल्या लाभार्थी बायकांची-मुलांची नोंद ठेवायचं सरकारी ॲप, म्हणजे माझा पोषण ट्रॅकर, अडला की तीच चालवून देते आणि 'आई, या बायकांचे फोटो जातात कुठं?' असं मलाच विचारते. यात पोट भरतं का? धोका किती? तिच्या वडिलांनी तर बोलणंच टाकलंय.
– एक आई

उत्तर : ताई, नमस्कार.

आधी पोटाचं. नुसत्या लिखाणावर पहिली दोन-तीन वर्षं भरणार नाही. मुक्त पत्रकाराचं मानधन बहुतेकदा लेख छापून आल्यावर येतं, तेही चार फोन केल्यावर. दोन महिने चौकशी केली आणि बातमी उभीच राहिली नाही, तर त्या दोन महिन्यांचे पैसे कुणाकडे मागणार? म्हणून पुण्याची नोकरी मिळाली तर तिनं घ्यावी. हे मी वडिलांची समजूत काढायला म्हणत नाही. लोकांची माहिती सर्व्हरवर कशी पडून असते, ती कोणकोण उघडू शकतं, कुणी उघडली याची नोंद राहते का, हे तिला तिथं रोज दिसेल. या विषयावर लिहिणाऱ्या अनेकांना नेमकं हेच ठाऊक नसतं. रुजू होताना बाहेर लिहायला परवानगी लागते का, तेवढं करारात वाचावं, आणि त्या कंपनीच्या आतलं काही लिहू नये.

आता तिचा प्रश्न. तो पोरखेळ नाही, बातमी आहे. 1 जुलै 2025 पासून घरपोच आहारासाठी त्याच ॲपवर लाभार्थीचा चेहरा फोटोशी जुळवणं सक्तीचं झालं, हे तुम्हाला मी काय सांगणार! रेंज नाही, चेहरा जुळत नाही आणि बाई कडेवर पोर घेऊन दारात उभी, हे तुम्ही रोज बघता. तिची संमती घेतली का, तिला कळेल अशा मराठीत घेतली का, फोटो किती दिवस ठेवणार? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 ला खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. तो हक्क त्या दारातल्या बाईलाही आहे. दिल्लीच्या पत्रकाराला हे समजून घ्यायला आधी कराड गाठावं लागेल, मग ओळख काढावी लागेल. तुमची लेक त्या घरातच वाढली.

आणि म्हणूनच तिची पहिली बातमी ही नको.

नीट बघा. तिनं नाव न छापता जरी लिहिलं, तरी आडनाव एक, गाव एक. पर्यवेक्षिका मॅडमना कोडं सोडवायला किती वेळ लागेल? माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज तुमच्याच प्रकल्प कार्यालयात टाकला, तरी तेच. माहिती देणाऱ्याचं नाव लपवण्याचा पत्रकाराला भक्कम हक्क देणारा कायदा आपल्याकडे नाही. 1978 च्या प्रेस कौन्सिल कायद्यात संरक्षण आहे, पण ते त्या कौन्सिलसमोर. पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयात त्याचा उपयोग नाही. 2021 मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी निकृष्ट मोबाईल सरकारला परत केले, कदाचित तुम्हीही केला असेल. तेव्हा सगळ्या एकत्र होत्या. इथं तुम्ही एकट्या सापडाल.

पहिली बातमी तिनं तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात शोधावी. लोक आधारकार्ड व्हॉट्सॲपवर पाठवतात, प्रिंट घेतात, निघून जातात. फाईल दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर तशीच. ती पुसतात का, हे दहा दुकानांत नुसतं विचारलं तरी लेख होतो. शेवटचे चारच आकडे दाखवणारं 'मास्क्ड आधार' किती जणांना माहीत आहे, हेही विचारावं. मे 2022 मध्ये आधारच्या प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं झेरॉक्स कुणालाही देऊ नका असं सांगितलं आणि दोन दिवसांत ते पत्रक मागं घेतलं. सामान्य माणसानं मग काय समजायचं? असा लेख मराठीत द्यावा, आणि तोच विषय जास्त आकडे-कागद जोडून इंग्रजीत.

धोक्याचं आता. कॉम्प्युटर शिकलेल्या मुलांना 'आत शिरून दाखवते' अशी खाज असते. ती आवरायला सांगा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 खाली गुन्हा ठरू शकतो, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. जानेवारी 2018 मध्ये 'द ट्रिब्यून'च्या रचना खैरा यांनी 500 रुपयांत आधारची माहिती उघडून मिळते हे दाखवलं, तर प्राधिकरणानं दिलेल्या तक्रारीवरून झालेल्या गुन्ह्यात त्यांचंही नाव आलं. त्यांच्यामागं वर्तमानपत्र तरी होतं. मुक्त पत्रकारानं लेख देण्याआधीच विचारून घ्यावं, नोटीस आली तर वकील कोण देणार? उत्तर ईमेलवर घ्यावं, तोंडी नको.

दुसरा धोका आपल्या कराडजवळच्या टेंभूच्या माणसाला विचारा. गोपाळ गणेश आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्धची पत्रं खरी मानून छापली, ती बनावट निघाली, आणि 1882 मध्ये टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. आज तर मोबाईलवर आलेला स्क्रीनशॉट पाच मिनिटांत बनवता येतो. कुणी 'आतला कागद' दिला की तो दुसऱ्या वाटेनं पडताळेपर्यंत छापायचा नाही.

वडिलांना एवढंच सांगा की नोकरी सुटत नाहीये. ती वर्षभरात चार लेख छापून आणते का ते बघू. एकही आला नाही तर पुन्हा लिहा, आपण वेगळा विचार करू.

आणि ताई, पोषण ट्रॅकर अडला की पर्यवेक्षिकांना फोन करा, मोबाईल लेकीच्या हातात देऊ नका. त्यात गावातल्या बायाबाळांची माहिती आहे आणि लॉगिन तुमचं आहे. पिन तिला पाठ असेल, तर तो आज रात्रीच बदला.