केस मोकळे सोडून मुलाखत द्यायची नसते

प्रश्न: माझी मुलगी 23 वर्षांची आहे. बी.कॉम. 68 टक्के, टॅली आणि जीएसटीचा कोर्स झालाय. लहानपणापासून तिला थोडं कमी ऐकू येतं, दोन्ही कानांना मशीन आहे (उजवा 64, डावा 67 डेसिबल, 2019 चा रिपोर्ट). तीन कंपन्यांत मुलाखती झाल्या, तिन्हीकडे नकार. मशीन दिसू नये म्हणून मी तिला केस मोकळे सोडायला लावते, कंपनीचे फोनही तिच्या नावाने मीच घेते. संध्याकाळी घरी ती गप्पच असते, पण तो तिचा स्वभाव. लग्नाचं बघायचं असल्यामुळे अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढलेलं नाही. सध्या ती इथल्या एका कर सल्लागारांकडे बसते, पण ती काही नोकरी नव्हे. बँकेत अशा मुलांना राखीव जागा असतात असं कळलं. कोणता क्लास लावू? तिचा व्हॉट्सअॅप नंबर सोबत देते. (एक आई, कराड)

उत्तर:

ताई, क्लासचं नंतर बघू. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते फोनचं वाक्य. कंपनीतला माणूस फोनवर बोलतो तुमच्याशी, आणि दोन दिवसांनी त्याच्यासमोर येऊन बसते ती कुणी दुसरीच. आवाज वेगळा, बोलायची ढब वेगळी, फोनवर काय ठरलं ते तिला अर्धवट माहीत. त्याला वाटणारच की ही मुलगी काहीतरी लपवतेय. आणि त्यात त्याचं काही चुकत नाही, लपवतच आहात.

केसांची गोष्ट तर त्याहून वाईट. मशीनचा माइक कानामागे असतो. त्यावर केस घासले की तिला सतत खरखर ऐकू येते, वर ओढणी आली तर शिट्टी वाजते. ज्या अर्ध्या तासात शब्दन् शब्द पोचायला हवा, नेमका त्याच अर्ध्या तासात तुम्ही तिच्या कानावर पडदा टाकता. शिवाय तिचं निम्मं लक्ष बट बाजूला सरकली का, याकडे.

तुमच्या दोन पानी पत्रात तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही, म्हणून मी तिला मेसेज केला. चार मिनिटांत उत्तर आलं, नेमकं आणि स्वच्छ मराठीत. दुसऱ्या मुलाखतीत काय झालं ते तिने तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. साहेबांनी विचारलं, "साठ एन्ट्र्या टाकायला किती वेळ लागेल?" डोक्यावर पंखा फिरत होता, साहेब कागदात बघून बोलत होते. तिला ऐकू आलं "आठ". ती म्हणाली, पाच मिनिटं. समोरचे दोघे हसले. का हसले ते तिला घरी येताना एसटीत कळलं.

इथेच तो गैरसमज येतो, जो मला जवळजवळ प्रत्येक पालकात दिसतो: मशीन म्हणजे कानाचा चष्मा, लावला की काम झालं. तसं नसतं. मशीन आवाज मोठा करतं, पण कानाच्या आतली जी जागा विशिष्ट आवाज पकडतच नाही, ती दुरुस्त करत नाही. अनेकांना स, श यांसारखे बारीक, उंच पट्टीतले आवाज आधी सुटतात. मग "साठ"चा "आठ" होतो, "सात"चा "आत". बाकीचं ती समोरच्याच्या ओठांवरून आणि अंदाजाने भरून काढते, दिवसभर. संध्याकाळी ती गप्प असते त्याला तुम्ही "स्वभाव" म्हटलंय. ताई, तो थकवा आहे. आणि साधं बोलणंच साधारण 60 डेसिबलचं असतं, तेव्हा 64 आणि 67 ला "थोडं कमी" म्हणणं सोडा. रिपोर्टही जुना झालाय. नवा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढा, मशीन त्याप्रमाणे सेट करून घ्या. मुंबईला जाणं होणार असेल तर वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे.

आता सर्टिफिकेट. राखीव जागा हवी, पण दाखला नको, हे कसं जमायचं? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांचा 60 ते 70 डेसिबल दोष "ऐकण्यास कठीण" या गटात येतो. आरक्षणासाठी मात्र 40 टक्क्यांचा दाखला लागतो, आणि डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत. ते सरकारी दवाखान्यातली तपासणीच ठरवेल. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या कार्डाचा, अर्ज ऑनलाइन भरता येतो. लग्नाचं म्हणाल, तर जे स्थळ कार्ड बघून पळेल ते मशीन बघूनही पळणारच. की तेही केसांखाली झाकायचं ठरवलंय?

बँक, एसएससी (केंद्राची नोकरभरती), एमपीएससी: तिला स्वतःला हवं असेल तर जरूर द्यावं, दाखला असेल तर शुल्कात आणि वयात सवलत मिळते. पण कर्णबधिर आणि कमी ऐकू येणारे मिळून 1 टक्का जागा, म्हणजे शंभरात एक. त्या एकीसाठीही स्पर्धा असतेच. राखीव जागा म्हणजे राखून ठेवलेली नोकरी नव्हे.

मला खरं बोलायचंय ते तुम्ही एका ओळीत उडवून लावलेल्या "बसते"बद्दल. तिने मला सांगितलं की आठ महिने ती 38 व्यापाऱ्यांची खरेदीची बिलं जीएसटी पोर्टलवरच्या 2बीशी, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांच्या यादीशी, जुळवते. मागच्या महिन्यात एका हार्डवेअरवाल्याचं एकच बिल दोनदा धरलेलं तिनेच पकडलं. यात फोन लागत नाही. नजर लागते, चिकाटी लागते. ताई, ही नोकरीच आहे, फक्त तिचा पगार कुणी देत नाही, कारण मागितलेला नाही. क्लासची फी भरण्याआधी तो मागा. म्हणजे तिने मागावा, तुम्ही नव्हे.

आणि पुढच्या मुलाखतीला केस बांधून जाऊ दे. बायोडेटावर नंबरापुढे लिहायचं, "कृपया मेसेज किंवा ईमेल करा". बसल्याबसल्या सांगायचं, "मी श्रवणयंत्र वापरते. माझ्याकडे बघून बोललात तर मला नीट समजेल. आकडे लिहून दाखवा." पंख्याखालची खुर्ची नको, हेही. मोबाइलवर लाइव्ह ट्रान्सक्राइब हे बोललेलं लिहून दाखवणारं अॅप मराठीतही चालतं, ते टेबलावर ठेवलं तरी कुणी हरकत घेऊ नये. सप्टेंबर 2023 मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील सर्वोच्च न्यायालयाच्या सुनावणीत सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासह सहभागी झाल्या. ज्यांचा पेशाच बोलण्याचा, त्यांनीही लपवलं नाही, सोय मागून घेतली. हे ऐकल्यावरही कुणी नाकारलं तर नाकारू दे. निदान नकार तिला असेल, तुमच्या आवाजाला नाही.

कर सल्लागारांकडे पगाराचं मात्र 20 तारखेच्या आत काढू नको म्हणावं. थ्रीबीच्या, म्हणजे जीएसटीच्या दरमहा भरायच्या विवरणपत्राच्या, गर्दीत ते कुणाचंच ऐकत नसतात. 21 ला सकाळी, लिहून.