मराठवाड्यात वसंत येतो का? रविवारी निवांत असताना तो तुम्हाला कसा जाणवतो?

हो, येतो. आमच्याकडे थंडी गेली की एकदम उन्हाळाच लागतो असं बाहेरच्या माणसाला वाटू शकतं. मी परभणीला कृषी विद्यापीठात शिकते, गाव लातूर जिल्ह्यातलं. एरवी लेक्चर, प्रॅक्टिकल, जर्नल यांतून मान वर निघत नाही. रविवारी निघते.

शाळेत आपण चैत्र-वैशाख म्हणजे वसंत असं पाठ केलं. पण आमच्याकडे पाडव्यापर्यंत ऊन चटके द्यायला लागलेलं असतं. माझ्या लेखी इथला वसंत त्याआधीचा, शिवरात्रीपासून होळीपर्यंतचा. पहाटे चादर लागते आणि दुपारी पंखा. हवा कोरडी, आभाळ मोकळं, म्हणून दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते.

आणि हा वसंत हिरवा नसतो, म्हणून तो चटकन ओळखू येत नाही. हॉस्टेलसमोरच्या कडुलिंबाखाली सध्या पिवळ्या पानांचा सडा आहे. मावशींनी झाडून घेतलं की तासाभरात पुन्हा तेवढाच. त्याच फांद्यांच्या शेंड्यांना मात्र तांबूस पालवी फुटलीय. पाऊस थेट जूनमध्ये, वरची जमीन भेगाळलेली, तरी झाड नवी पानं काढतं. जुनी पानं गळाली की त्यांतून उडून जाणारं पाणी वाचतं, मुळं खोलवरची ओल ओढतात आणि वाढत्या दिवसाची खूण झाडाला कळते. हे शिकल्यापासून पानगळ बघून मला उदास वाटत नाही.

पळस तर जवळ जाऊनच बघावा. अंगावर एकही पान नाही आणि फांदीभर केशरी फुलं. देठाकडची वाटी गडद तपकिरी, हाताला मखमली लागते; एक पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वळलेली. वास जवळजवळ नाहीच. पण आत मध भरपूर, म्हणून सकाळी साळुंक्या, कोतवाल, शिंजीर यांची नुसती झुंबड. पानांचा आडोसा नसल्यामुळे फुलं लांबूनही दिसतात, पाखरं येतात आणि परागीभवन होतं. बालाघाटाच्या माळावर असा पळस बघितला की पुढचा अर्धा दिवस मी दुसरं काही करू शकत नाही.

मात्र हेच दिवस आमच्या घरी सगळ्यात काळजीचे. रविवारी सकाळी अण्णांचा फोन येतो आणि पहिला प्रश्न माझ्या अभ्यासाचा नसतो. "तिकडं आभाळ आलंय का गं?" शाळू काढणीला आलेला, हरभरा खळ्यावर, मजूर मिळता मिळत नाहीत. अशात पाऊस पडला तर ज्वारी काळी पडते, कडबा खराब होतो; म्हणजे माणसाचं आणि जनावराचं, दोघांचंही वर्ष गेलं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आमच्याकडे कुणीच विसरलेलं नाही. मी तेव्हा लहान होते. लोळलेला गहू आणि बांधावर मरून पडलेली पाखरं मला अजून दिसतात. त्यामुळे वसंतातला ढग आम्हाला सुंदर दिसत नाही, आणि त्यात मला काही चूक वाटत नाही.

करडईचंही सांगते, कारण ती आता फार कमी शेतांत उरलीय. पीक वाळलं की काटे सुईसारखे टोचतात, म्हणून काढणी भल्या पहाटे करतात. दवाने काटे जरा नरमलेले असतात. माझी आजी पायाला गोणपाट बांधून जायची. सोयाबीन आलं, मजुरी वाढली आणि करडई मागे पडली. घरच्या करडईच्या तेलाची चव आमच्या पिढीला जेमतेम ठाऊक आहे.

निवांत बसले की माझ्या डोक्यात हेच घोळतं. आमच्या मजल्यावर जवळजवळ प्रत्येक खोलीत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आहेत. त्या मैत्रिणींचं मला पटतं. शेतीत काय मिळतं ते आम्ही सगळ्यांनी घरी बघितलंय. पण हे विद्यापीठ उभं राहिलं १९७२ मध्ये, मोठ्या दुष्काळाच्या वर्षी, आणि इथंच निघालेलं 'परभणी मोती' हे रब्बी ज्वारीचं वाण आज अण्णांच्या रानात उभं आहे. कुणीतरी इथल्याच प्लॉटवर वर्षानुवर्षं कणसं मोजली असतील, तेव्हा ते आमच्या घरापर्यंत आलं. मला तेच काम करायचंय, बिनकाट्याच्या आणि जास्त तेलाच्या करडईवर. अण्णांना अजून सांगितलेलं नाही. रास घरात आली की सांगणार आहे.

तुम्हाला इकडं यायचंच असेल तर होळीच्या आधीच्या पंधरवड्यात या. होळीनंतर, नाथषष्ठीच्या सुमारास आलात तर पैठणच्या वाटेवर दिंड्याही भेटतील. माळावर सकाळी नऊच्या आत पोचा, म्हणजे पळसावरची पाखरं सापडतील. आणि रानात कुणी भेटलं तर आधी काढणी झाली का ते विचारा, मग बाकीच्या गप्पा.