आईचं नाव रेकॉर्ड ऑफिसात, वडिलांची तारीख मात्र आधारमध्ये

प्रश्न : आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. वडील 10 ऑगस्ट 1965 ला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि 31 ऑगस्ट 1982 ला नाईक म्हणून पेन्शनवर आले. डिस्चार्ज बुकात त्यांची जन्मतारीख 1 जून 1947 आहे, आधारवर 1 जानेवारी 1950. आईचं माहेर महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातलं. तिचं माहेरचं नाव सुभद्रा, तेच सैन्याच्या नोंदीत आणि पीपीओत (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) आहे. लग्नात नाव लक्ष्मी ठेवलं. आधार, बँक, मतदार यादी, जमिनीचा उतारा सगळीकडे लक्ष्मीच आहे. तिची जन्मतारीख पीपीओत नाही. यंदा ‘स्पर्श’वर (सैन्याच्या पेन्शनच्या ऑनलाइन यंत्रणेत) वडिलांचा हयातीचा दाखला अडकला. एक एजंट म्हणतो, कोर्टातून हुकूमनामा आणून सैन्यातली तारीख आणि नाव दोन्ही एकदम बदलून देतो. कुणाच्या तरी सांगण्यावरून आम्ही डिस्चार्ज बुकात ‘सुभद्रा’च्या पुढे पेनानं ‘लक्ष्मी’ असं लिहिलंय. आता काय करावं?

उत्तर : एजंटला आजच थांबवा. वडिलांची सैन्यातली तारीख बदलायला गेलात तर काम बिघडेल. भरतीच्या वेळी नोंदलेली जन्मतारीख निवृत्तीच्या तोंडावर बदलून मागणाऱ्यांना न्यायालयं दारात उभं करत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं 1993 मध्ये हरनाम सिंग प्रकरणात हे स्पष्ट केलं. तुमच्या वडिलांना तर निवृत्त होऊन चाळीस वर्षं उलटली. त्यातही हिशेब करून बघा. 1950 धरलं तर 1965 च्या ऑगस्टमध्ये ते पंधरा वर्षांचे ठरतात. म्हणजे आपल्याच हातानं त्यांच्या भरतीवर प्रश्नचिन्ह लावायचं.

नुकसान पैशांचंही आहे. पेन्शनर ऐंशी वर्षांचा झाला की मूळ पेन्शनवर 20 टक्के जादा मिळतात, पंच्याऐंशीला 30, नव्वदीला 40. सैन्याच्या तारखेनं वडिलांना ही वाढ 1 जून 2027 पासून लागू होते, आधारच्या तारखेनं 2030 च्या जानेवारीत. चूक आधारात आहे, तीच दुरुस्त करायची. वय अंदाजानं सांगितलं की ऑपरेटर वर्ष टाकतो आणि तारीख आपोआप 1 जानेवारी होते, आपल्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस त्यामुळेच एक जानेवारीला येतो. मूळ पीपीओ घेऊन वडिलांना आधार केंद्रावर न्या, त्यावरची जन्मतारीख पुरावा म्हणून चालते. आधारमध्ये जन्मतारीख साधारण एकदाच बदलता येते, म्हणून पावती हातात घेण्याआधी दिवस, महिना, वर्ष तिन्ही मोठ्यानं वाचून घ्या. ‘आधारच खरं’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये सांगितलंय.

हे होईपर्यंत हयातीचा दाखला थांबवू नका. डिजिटल दाखला जुळत नसेल तर हातानं भरलेला दाखला अधिकृत सही-शिक्क्यानिशी ‘स्पर्श’च्या सेवा केंद्रातून चढवता येतो. दाखल्याअभावी पेन्शन बंद पडली की ती परत सुरू करण्यात आणखी महिने जातात.

आता आईचं नाव. तुमच्या घरातलं खरं तातडीचं काम हे आहे. वडील हयात आहेत तोवर त्यांची सही हाच सगळ्यात भक्कम पुरावा: ‘सुभद्रा आणि लक्ष्मी ही एकच बाई, माझी बायको’ असं खुद्द पेन्शनर सांगतोय. ते गेल्यावर हीच गोष्ट आईला एकटीनं सिद्ध करावी लागेल, आणि तोपर्यंत कुटुंब निवृत्तीवेतन अडकून राहील. अशी प्रकरणं बहुतेक दु:खाच्या तेराव्यानंतरच वकिलाकडे येतात. तुम्ही आधी विचारलंत हे बरं झालं.

सैन्यातली मूळ नोंद डिस्चार्ज बुकात नसते, रेकॉर्ड ऑफिसच्या शीट रोलमध्ये, म्हणजे सैनिकाच्या मूळ सेवापटात असते. लग्न झालं तेव्हा युनिटनं पार्ट टू ऑर्डर (सैनिकाच्या घरगुती बदलांची नोंद करणारा आदेश) काढली, त्यावरून नाव शीट रोलमध्ये चढलं आणि तिथून पीपीओत. डिस्चार्ज बुक ही तुमच्याकडची प्रत. तिच्यात पेनानं लिहिलेल्या ‘लक्ष्मी’नं काहीच बदललेलं नाही, उलट संशय मात्र निर्माण झाला. तीन रंगांच्या शाईत तीन हस्ताक्षरं दिसली की कारकून पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतो. आता ते खोडू नका, व्हाइटनर लावू नका, पान बदलू नका. सरकारी कागदात फेरफार केल्याचा आरोप त्यातूनच येतो. अर्जात एका वाक्यात सांगून टाका, की हा शब्द घरच्या माणसानं अजाणतेपणी लिहिला आहे आणि त्यावर आमचा कोणताही दावा नाही.

पहिलं काम म्हणजे आईच्या नावाचं एकच स्पेलिंग ठरवा. आधार, पॅन आणि पासबुक शेजारी ठेवून इंग्रजी अक्षरं एकेक करून ताडून बघा: लक्ष्मीत ‘एक्स’ आहे की ‘के-एस-एच’, पुढे ‘बाई’ आहे का, पाटीलमध्ये एक ‘आय’ की दोन ‘ई’, आडनाव मुळात आहे का. कन्नड पद्धतीनं भरलेल्या आधारवर आडनाव गळालेलं किंवा आधी आलेलं बरेचदा दिसतं. हे तीन कागद एकमेकांशी जुळले की मगच सैन्याकडे जायचं. नाहीतर सुभद्राची लक्ष्मी होईल, पण ‘स्पर्श’वर ती तरीही जुळणार नाही.

मग प्रतिज्ञापत्र. वडील आणि आई दोघांनी मिळून करा, आणि नोटरीवर न थांबता खानापूरच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर करा, कारण नोटरीचं प्रतिज्ञापत्र रेकॉर्ड ऑफिसकडून परत येण्याची शक्यता जास्त. मजकुरात आर्मी नंबर, हुद्दा, पीपीओ नंबर, लग्नाची तारीख, आईच्या वडिलांचं नाव, माहेरचं गाव आणि ‘सुभद्रा व लक्ष्मी ही एकच व्यक्ती’ हे सरळ वाक्य हवं. ‘ऊर्फ’ टाळा. ‘सुभद्रा ऐवजी लक्ष्मी असे वाचावे’ अशी मागणी करा, कारण संगणकाच्या चौकटीत ऊर्फला जागा नसते.

जोडपुराव्यात चंदगडच्या शाळेचा कागद सोन्यासारखा ठरतो. आई दोन-चार वर्षं जरी शाळेत गेली असेल, तर शाळेच्या जनरल रजिस्टरात सुभद्रा, तिच्या वडिलांचं नाव आणि जन्मतारीख एकाच ओळीत सापडेल. त्या एका उताऱ्यानं पीपीओतली ‘सुभद्रा’ कोण हे ठरतं आणि पीपीओतली तारखेची रिकामी जागाही भरते. मामा हयात असतील तर त्यांचं वेगळं प्रतिज्ञापत्र घ्या. शाळेत नावच नसेल तर पॅन, मतदार ओळखपत्र, ईसीएचएस (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड यांवर जन्मतारखेचं काम भागू शकतं, फक्त त्या सगळ्यांवर एकच तारीख असावी. उशिरानं जन्मनोंद करायचीच म्हटली तर ती जन्म झाला तिथे, म्हणजे चंदगड तालुक्यातच होते, खानापुरात नाही. तिथे दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

कन्नडमधल्या प्रत्येक कागदाला, म्हणजे उतारा, रेशन कार्ड, पीडीओचा (ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्याचा) दाखला, आणि मराठी शाळेच्या दाखल्यालाही प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. कुठे ‘बेळगाव’ आणि कुठे ‘बेळगावी’ यासाठी मात्र प्रतिज्ञापत्र करत बसू नका. 1 नोव्हेंबर 2014 ला जिल्ह्याचं नावच बदललंय.

अर्ज वडिलांच्या सहीनं, रेकॉर्ड्‌स, मराठा लाइट इन्फंट्री यांच्या नावे. ते ऑफिस बेळगावातच आहे हे तुमचं भाग्य. वडिलांनी तोफखान्यात नोकरी केली असती तर नाशिक रोड, सिग्नल्समध्ये असते तर जबलपूरला पत्र लिहावं लागलं असतं. सोबत पीपीओ, डिस्चार्ज बुकाची सगळी पानं, दोघांचा एकत्र फोटो, आधार, पॅन, पासबुक आणि प्रतिज्ञापत्र. सैनिक कल्याण खात्याच्या बेळगाव कार्यालयातून साक्षांकन करून घ्या, आपले लोक त्याला अजून सैनिक बोर्डच म्हणतात. दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह पोच घ्या. वर्तमानपत्रातली जाहिरात किंवा गॅझेट ऑफिसनं लेखी मागितलं तरच करा, आधीच पैसे घालू नका. रेकॉर्ड ऑफिसनं मान्य केलं की प्रकरण प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयात जातं आणि तिथून दुरुस्तीचा पीपीओ निघतो. तो हातात आल्यावर ‘स्पर्श’च्या प्रोफाइलमध्ये आईचं नाव आणि तारीख प्रत्यक्ष उघडून बघा.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण विचारून घ्या: 1982 नंतर वडिलांनी डीएससीत, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, दुसरी नोकरी केली होती का? केली असेल आणि तिचीही पेन्शन असेल, तर दुसरा पीपीओ आणि दुसरं रेकॉर्ड ऑफिस आहे, ते कन्नूरला. तिथला अर्ज वेगळा करावा लागतो. बेळगावची दुरुस्ती तिथे आपोआप पोचत नाही, आणि हे नेमकं विसरलं जातं.

पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात 10 रुपये भरून शीट रोलमधल्या कौटुंबिक नोंदीची आणि लग्नाच्या पार्ट टू ऑर्डरीची प्रमाणित प्रत मागा. अर्ज वडिलांच्याच नावानं करा, मुलाच्या नावानं केला तर ‘त्रयस्थ व्यक्ती’ म्हणून नाकारला जाऊ शकतो. उत्तराची मुदत 30 दिवस, नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

एजंट सांगतो तो दिवाणी दावा इथे चालत नाही. सैन्याच्या सेवाविषयक बाबींत सशस्त्र दल न्यायाधिकरण कायदा, 2007 च्या कलम 33 नं दिवाणी न्यायालयाचा अधिकारच काढून घेतलाय. नकार आला तर त्या आदेशापासून सहा महिन्यांत न्यायाधिकरणात जायचं. उत्तरच आलं नाही तर अर्जापासून सहा महिने वाट बघून पुढच्या सहा महिन्यांत. पोच जपायला सांगितली ती याचसाठी, ही मुदत तिच्यावरच्या तारखेपासून मोजली जाते. मुंबईचं खंडपीठ जवळचं वाटतं, पण कर्नाटकातले अर्ज कोचीच्या खंडपीठाकडे जातात. नावाच्या साध्या दुरुस्तीला तिथवर जावं लागू नये. एवढे कागद नीट लावले तर रेकॉर्ड ऑफिसच्या टेबलावरच काम व्हायला हवं.

या आठवड्यात वडिलांना आधार केंद्रावर न्या आणि चंदगडच्या शाळेत रजिस्टराचा उतारा मागा. प्रतिज्ञापत्र उतारा हाती आल्यावरच टाइप करा, म्हणजे आईची जन्मतारीख त्यात एकदाच आणि बरोबर येईल.