टाकी भरते, तरी पाणी थांबत नाही

प्रश्न : फ्लशच्या टाकीतून कमोडमध्ये सतत बारीक धार येते. आतले सगळे सामान बदलावे लागेल का? (सोलापूर)

उत्तर : बहुतेक वेळा लागत नाही. आधी पाणी कुठून निसटते ते शोधा. टाकी भरू द्या, भिंतीवरचा अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा छोटा नळ) बंद करा आणि टाकीच्या आत पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीने खूण करा. अर्धा तास फ्लश वापरू नका. पाणी खुणेखाली गेले आणि टाकी बाहेरून कोरडी असली, तर तळाचा वॉशर गळतो आहे. पाणी जिथल्या तिथे राहिले आणि कॉक उघडल्यावर धार पुन्हा सुरू झाली, तर बॉलकॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा व्हॉल्व्ह) पाणी तोडत नाही. जादा पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून कमोडमध्ये जाते.

वॉशरसाठी झाकण काढा. दोन बटणांच्या टाकीत मधला उभा फ्लश व्हॉल्व्ह बहुधा डावीकडे पाव वळसा फिरवला की सुटतो. त्याच्या बुडाशी रबराची किंवा सिलिकॉनची चकती असते. बोअरच्या पाण्याचा क्षार तिच्यावर आणि ती जिथे टेकते त्या कडेवर बसतो. खरखरीत एक कण राहिला तरी गळती चालूच. चकती अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवा, कड जुन्या टूथब्रशने घासा. सुरीने खरवडू नका, ओरखडा पडला की नवा वॉशरही गळेल. चकती कडक किंवा वाकडी झाली असेल तर बदला, आणि दुकानात जुनी घेऊनच जा. दिसायला सारख्या चकत्यांचे व्यास वेगळे असतात. टाकीत क्लोरीनच्या वड्या टाकत असाल तर बंद करा. रबर त्यांनीच लवकर खराब होते.

बॉलकॉकचा दोष असेल तर त्याचा फ्लोट (पाण्यावर तरंगणारा भाग) हाताने पूर्ण वर उचला. पाणी थांबले, तर फक्त फ्लोट खाली घ्या : पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली साधारण एक इंचावर थांबले पाहिजे. फ्लोट उचलूनही थांबले नाही, तर आत गाळ अडकला आहे किंवा रबर गेले आहे. इमारतीची टाकी धुतल्यानंतर हे हमखास होते. पाणी बंद करून वरचे टोपण उघडा, धुवा. तरी गळले तर अर्धा इंची नवा बॉलकॉक बसवा. प्लॅस्टिकचा नट हाताने आवळून वर पाव वळसा, बस्स. जास्त जोर लावला तर चिनी मातीला तडा जातो.

प्रश्न : दिवसा ठीक असते, रात्रीच पाणी वाहते. असे का? (ठाणे)

उत्तर : रात्री वापर थांबला की पाइपातला दाब वाढतो. खालच्या मजल्यांना त्रास जास्त, कारण वरच्या टाकीपासून दर 10 मीटर खाली आले की दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलोने वाढतो. अँगल कॉक थोडा आवळून ठेवण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण त्याचा उपयोग नाही : धार बारीक होते, प्रवाह थांबल्यावर दाब मात्र तेवढाच येतो. जास्त दाबाला चालणारा बॉलकॉक घ्या.

प्रश्न : कमोडच्या बुडाशी ओल दिसते. व्हाइट सिमेंट भरू का? (कोल्हापूर)

उत्तर : नको. आधी जमीन पुसून भोवती वर्तमानपत्र पसरा. फ्लश न करताही कागद भिजला, तर कनेक्शन पाइपचा वॉशर किंवा टाकीचा जोड पाहा. फ्लश केल्यावरच भिजला, तर ट्रॅपचा (कमोडमधून घाण पाणी बाहेर नेणाऱ्या वाकड्या पाइपचा) जोड सुटला आहे. वरून सिमेंट भरले की पाणी दिसेनासे होते आणि खालच्या घराच्या छतातून उतरते. ट्रॅपचा जोड सुटला असेल तर कमोड उचलून तो नव्याने करावा लागतो. हे काम प्लंबरचेच.