हॉटेलवाल्यांची संत मार्थाच का? येशूने तर तिलाच सुनावलं होतं ना?

तुमच्या नव्या नोकरीत किचनच्या पासशेजारी, म्हणजे तयार ताटं जिथून बाहेर जातात तिथे, एका बाईचं चित्र आहे. हातात पळी, कमरेला किल्ल्या, पायाशी मगरीसारखं काहीतरी. शेफ म्हणाले, ही सेंट मार्था, आपल्या धंद्याची आश्रयदाती संत. तुम्ही बायबलातली गोष्ट काढून वाचलीत, तर तिथे येशू तिचीच कानउघाडणी करतोय. मग राबणाऱ्यांना हीच कशी सापडली, असा तुमचा प्रश्न.

मी वसईचा ख्रिस्ती. बावीस वर्षं बँक्वेटमध्ये काढली, आधी स्टुअर्ड म्हणून, मग कॅप्टन म्हणून. मला ही गोष्ट कळली ती देवळातल्या प्रवचनात नाही, एका लग्नाच्या रात्री.

गोष्ट लूकच्या दहाव्या अध्यायात आहे, जेमतेम पाच ओळींची. येशू एका गावात येतो (लूक गावाचं नाव देत नाही, योहान बेथानी सांगतो), मार्था त्याचं स्वागत करते. तिची धाकटी बहीण मरीया (धाकटी हे आपलं माझं, बायबलात वयं नाहीत) त्याच्या पायाशी बसून ऐकत राहते. मार्था एकटी राबते. तिची अवस्था सांगायला मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, त्याचा अर्थ चहूबाजूंनी ओढली जाणं. ज्याने आठशे पानांच्या लग्नात एका हातात ट्रे धरून तीन टेबलांच्या हाका ऐकल्यात, त्याला हे क्रियापद समजावून सांगावं लागत नाही.

मग ती काय करते? तक्रार करते. तीही थेट पाहुण्याकडे, आणि बहिणीच्या देखत! माझी बहीण मला एकटीला राबायला सोडून बसलीय, तुम्हाला काहीच वाटत नाही का, तिला सांगा. आमच्या धंद्यात याला मेमो मिळतो. त्या लग्नाच्या रात्री माझा जोडीदार तासभर गायब होता. मी वैतागून ते मुलाच्या मामांना ऐकवलं, डाळीचं भांडं हातात धरून. मेमो मिळाला. तेव्हापासून मार्था मला जवळची वाटते. बाकी संत सोसतात, हसत मरतात. ही एक बाई चिडलेली आहे, आणि तिचं चिडणं जसंच्या तसं लिहून ठेवलंय.

येशूचं उत्तर लोक अर्धंच लक्षात ठेवतात. तो दोनदा नाव घेतो: मार्था, मार्था. आपल्याकडे असं दोनदा नाव घेतलं की रागावणं कमी आणि जवळ घेणं जास्त असतं. तू फार दगदग करतेस, म्हणतो. लहानपणी देवळात ऐकलेल्या वाचनात पुढे होतं, ‘एकाच गोष्टीचं अगत्य आहे’. जुन्या मराठीत अगत्य म्हणजे गरज, निकड. आज आपण अगत्य म्हणतो ते पाहुणचाराला. मला हा योगायोग फार आवडतो, कारण स्वयंपाक बंद कर असं तो तिला म्हणतच नाही.

आणि तुम्ही तिथेच थांबलात, ती चूक झाली. योहानचा अकरावा अध्याय वाचा. भाऊ लाजर मेलाय, मरीया घरात बसून आहे, येशूला सामोरी जाते ती मार्था. तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता, हे तोंडावर सांगते. तूच ख्रिस्त आहेस, हेही त्याच बोलण्यात कबूल करते. हे बोलण्याचा मान एरवी येशूच्या पट्टशिष्याला, पेत्राला देतात. कबरीवरचा दगड काढायला सांगितल्यावर मात्र तिच्यातली घर सांभाळणारी बाई जागी होते: प्रभू, चार दिवस झालेत, वास येत असेल. पुढे बाराव्या अध्यायात पुन्हा बेथानीलाच जेवण आहे. येशूने कबरीतून जिवंत उठवलेला लाजर पंगतीला, मरीया याही वेळी येशूच्या पायांशी, महागडं सुगंधी तेल ओतून केसांनी पाय पुसतेय. आणि मार्था? मार्था वाढतेय. तिच्याविषयी एवढंच लिहिलंय. तक्रारीचा शब्द नाही.

आता पायाशी जनावर कुठलं ते. ते बायबलातलं नाही, दक्षिण फ्रान्समधल्या दंतकथेतलं आहे. मार्था तिकडे गेली, ऱ्होन नदीकाठच्या तारास्कोन गावाला छळणाऱ्या तारास्क नावाच्या राक्षसी प्राण्याला तिने क्रूस दाखवून, पवित्र पाणी शिंपडून गरीब केलं आणि कमरपट्ट्याने बांधून गावात आणलं, अशी कथा. 1187 साली तिथे तिच्या अस्थी सापडल्याचं मानतात, चर्चही तिच्याच नावाचं आहे. इतिहास म्हणून मी यावर पैज लावणार नाही. पण दारू चढलेला पाहुणा हात न लावता, गोड बोलून लिफ्टपर्यंत नेलेला मी पाहिलाय.

धंद्यात इतरही संत आहेत. आचाऱ्यांचा सेंट लॉरेन्स, इसवी सन 258 मध्ये रोममध्ये मारला गेलेला. जाळीवर भाजताना ‘ही बाजू झाली, आता परता’ म्हणाला, अशी कथा सांगतात. इटलीतल्या लुक्का गावची झीटा एकाच घरात मोलकरीण म्हणून आयुष्यभर राबली आणि 1272 मध्ये वारली. हरवलेल्या किल्लीसाठी तिचा धावा करतात, हाउसकीपिंगवाल्यांनी लक्षात ठेवावं. पण रोमच्या व्हॅटिकनमधलं पाहुण्यांचं घर मार्थाच्या नावाने आहे. पोपच्या निवडणुकीत कार्डिनल तिथे उतरतात. पोप फ्रान्सिस तर राजवाडा सोडून 2013 पासून शेवटपर्यंत तिथेच राहिले.

मार्थाचा सण 29 जुलैला. 2021 पासून कॅथलिक चर्चने तो मार्था, मरीया आणि लाजर अशा तिघांचा मिळून केला. म्हणजे बाकी दोघं अखेर ड्यूटीवर आले म्हणायचं.

आमच्याकडे एक गोव्याचे शेफ होते. मार्थाच्या सणादिवशी संध्याकाळच्या सर्व्हिसआधी ते स्टाफच्या जेवणाला स्वतः वाढायला उभे राहत, आणि पहिलं ताट भांडी घासणाऱ्यांचं. एका वर्षी एक नवा पोरगा होता. हाताला सवय नव्हती बसून खायची. दोनदा उठला, वरण स्वतःच घ्यायला. तिसऱ्यांदा उठायला लागला तेव्हा शेफनी पळीचा दांडा त्याच्या खांद्यावर टेकवला आणि म्हणाले, ‘बस रे. आज माझी पाळी.’