दहा चाकी आणि रॉटवायलर

बेळगाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सावकाश वाचलं. दहा चाकी ट्रक घ्यायचा, अंगणात रॉटवायलर बांधायचं, आणि "काका, आधी काय घेऊ?" असं विचारलंयस. गाडीचं वर्णन पानभर आहे, भाड्याबद्दल एक ओळ नाही. कुत्र्याच्या छातीची रुंदी लिहिलीस, त्याला सकाळ-संध्याकाळ फिरवणार कोण ते लिहिलं नाहीस. गल्लीत दहा चाकी उभी राहिली की लोक मान वर करून बघतात आणि दारात रॉटवायलर असलं की लांबनं जातात, हे खरं. पण बघणारे भाडं देत नाहीत, आणि लांबनं जाणाऱ्यांत तुझं गिऱ्हाईकही असतंय.

गाडीचं आधी बोलू. तुझ्या हातात माल कुठला आहे? खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांतली रताळी, कोबी, बाकीची भाजी. ती मार्केट यार्डात येते आणि तिथून बरीचशी गोव्याला जाते. गोव्याचा भाजी बाजार बेळगाववर चालतो, हे तुला मी सांगायला नको. संध्याकाळी भरायचं, रात्री चोर्ला घाट उतरायचा, पहाट व्हायच्या आत म्हापशाला नाहीतर मडगावला माल उतरवायचा. हे काम पिकअपचं. दीड टनाची गाडी यार्डाच्या बोळात शिरते, घाटातल्या वळणावर एका दमात वळते, आणि उतरवून घेणाऱ्या दुकानदाराच्या दारापर्यंत जाते. दहा चाकी तिथं नेलीस तर ती भरेपर्यंतच भाजी सुकेल.

आणि घाटाचं म्हणशील तर पावसाळ्यात जड वाहनांवर पहिली बंदी येते. २०२५ च्या पावसात अनमोड घाटाचा रस्ता खचला आणि मोठ्या गाड्या थांबल्या. ज्याचा हप्ता महिन्याच्या ठरल्या तारखेला कापला जातो, त्यानं घाटाच्या भरवशावर दहा चाकी घेऊ नये.

हप्त्याचा हिशेब मीच करून देतो, कारण शोरूमवाला तो कॅल्क्युलेटरवर फार भरभर करून दाखवतो. ३० लाख कर्ज, १०.५ टक्के व्याज, ५ वर्षं. महिन्याला साधारण ६४,५०० रुपये. पाच वर्षांत साडेअडतीस लाखांच्या वर भरशील. यात विमा नाही, टायर नाहीत, ड्रायव्हरचा पगार आणि भत्ता नाही, टोल नाही. आता डिझेल. बेळगावहून मुंबई आणि बेंगळूर दोन्ही पाचशे किलोमीटरच्या आसपास. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर देते असं धर. एका बाजूला सव्वाशे लिटर, नव्वद रुपयांच्या भावानं सव्वाअकरा हजार. परतीचं भाडं मिळालं नाही तर येताना तेवढं नाही, पण त्यातलं बरंच डिझेल रिकाम्या गाडीत जळतंय. दलालाच्या ऑफिसात दोन दोन दिवस बसून परतीचा माल मिळवणं हा या धंद्यातला अर्धा धंदा आहे, आणि तो गाडी चालवण्यापेक्षा कठीण आहे. तुझी मुंबईत एकही ओळख नाही. आधी ओळख कर, मग गाडी.

डिझेल सीमेपलीकडं भरायचं की अलीकडं, असंही विचारलंयस. याचं कायमचं उत्तर नाही. पूर्वी कर्नाटकात स्वस्त म्हणून कागलपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या गाड्या सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडं येऊन टाकी फुल करायच्या. २०२५ च्या एप्रिलात इथं विक्रीकर वाढला, लिटरमागं दोन रुपये चढले, आणि त्या हिशेबातली मजा गेली. भाव त्या दिवशीचा बघायचा आणि भरायचं.

आयकराचीही एक गोष्ट कानावर घालतो. दहापर्यंत मालगाड्या असणाऱ्याला अंदाजे उत्पन्न दाखवायची सोय आहे. मालासकट एकूण वजन १२ टनांवर असलेल्या गाडीला टनामागं महिन्याला १,००० रुपये धरतात. म्हणजे २८ टनांच्या दहा चाकीला २८,०००. लहान गाडीला ७,५००. गाडी नावावर असलेला महिना मोजतात, ती चालली की गॅरेजात उभी राहिली ते विचारत नाहीत. कमी दाखवायचं तर वह्या ठेवा, ऑडिट करून घ्या. तू वह्या ठेवणाऱ्यांतला नाहीस, मला माहीत आहे.

लायसनचं तुझ्या बाजूनं आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोच्या आतली मालगाडी चालवता येते. तुझ्याकडं ते आहे. दहा चाकीला हेवी लायसन लागतं, म्हणजे तुला ड्रायव्हर ठेवावा लागणार आणि तू मालक असून गाडीत बाजूला बसणार. शिवाय एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला कायद्यानं परमिटच लागत नाही. पिकअप बघताना आरसी बुकात हा आकडा आधी बघ, कारण एकसारख्या दिसणाऱ्या दोन मॉडेलांत एक आत असतं, एक बाहेर.

मोठ्या गाडीला नॅशनल परमिट लागतं, त्याची एकत्रित फी वर्षाला १६,५००. जादा भरलं तर २०१९ च्या सुधारणेनंतर दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. "सगळेच भरतात" हे मला सांगू नको. तू कोबीवाला आहेस, वाळूवाला नाहीस.

ऊस हंगामाचं लिहिलंयस. कारखान्याच्या वाहतुकीत पैसा दिसतो, पण ऊसतोडीच्या टोळीला आगाऊ उचल द्यायची, टोळी पळाली की उचल बुडाली, आणि बिल कारखान्याच्या सवडीनं. सध्या सोड.

आता जुनी पिकअप कशी बघायची ते. ऑटोनगरात जाऊन रंग बघू नको, रंग काल मारलेला असतो. गाडी थंड असताना जा. मालकानं आधीच चालू करून ठेवली असेल तर चहा पी, बोनेटवर हात ठेवून गार झाल्यावर परत चालू करायला सांग. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघड. धूर फसफसून वर येत असेल तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे आतून झिजलंय, तिथूनच परत फीर. मग खाली वाक. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या मोज. कंपनीपेक्षा जास्त पाटे घातलेले दिसले तर या गाडीनं आयुष्यभर दुप्पट ओझं वाहिलंय, मालक काहीही सांगो. चेसिसवर बोटानं चाचपत जा, वेल्डिंगची गाठ लागते का बघ. टायर एकाच कडेनं झिजलेत का बघ. पासिंगची, म्हणजे फिटनेसची तारीख बघ: आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी. नऊ वर्षांची गाडी स्वस्त का मिळते ते इथं कळतं. शेवटी इन्शुरन्स आणि बँकेचा बोजा उतरलाय का ते. ही कागदपत्रं इथं कन्नडात येतात, म्हणून कन्नड वाचायला शीक. सीमाप्रश्नावर तुझं माझं मत एकच असेल, पण आरटीओच्या खिडकीवर मताला शिक्का मिळत नाही.

नंबरचं राहिलं. कुणीतरी तुला कोल्हापूर पासिंग घे म्हणून सांगितलंय. तू राहतोस खानापुरात, गाडी उभी राहणार खानापुरात. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली तर नवा नंबर घ्यावाच लागतो. आणि ६ डिसेंबर २०२२ ला सीमावादात बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोल नाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरच्या ट्रकांवर दगड पडले, ते तू मोबाईलवर बघितलंच असशील. दगड मारणाऱ्यानं नंबरची पहिली दोन अक्षरं वाचली, आत बसलेला कोण, कुठला, काय बोलतो ते विचारलं नाही. केए-२२, आपला बेळगावचाच नंबर घे आणि झोप नीट घे.

आता कुत्र्याकडं येतो. त्याच्यावरही लोक असंच नाव वाचून दगड उचलतात.

रॉटवायलर हे जर्मनीतल्या रॉटवाइल गावाकडचं. खाटकांची गुरं हाकायचं आणि गाडा ओढायचं काम करायचं. म्हणजे ते मुळात तुझ्याच धंद्यातलं. डॉबरमन एका करवसुली करणाऱ्या माणसानं स्वतःच्या रक्षणासाठी तयार केला. माझ्या लहानपणी लोक अल्सेशियनला घाबरायचे, मग डॉबरमनला, मग रॉटवायलरला, आता पिटबुलला. भीती तीच, कुत्रं बदलतंय. अमेरिकेत १८,००० हून जास्त कुत्र्यांचा अभ्यास करून २०२२ साली शास्त्रज्ञांनी मांडलं की कुत्र्याकुत्र्यांतल्या वागण्याच्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीनं सांगता येतो. बाकीचं त्या एकट्या कुत्र्याचं आणि त्याला वाढवणाऱ्याचं.

पण म्हणून "जातीत काही नसतं" असं म्हणत पिल्लू आणायला निघू नको. चावायची शक्यता जात ठरवत नसली तरी चावल्यावर काय उरेल ते वजन आणि जबडा ठरवतो. पूर्ण वाढलेला नर ५० किलोच्या वर जातो. गावठी कुत्रं चावलं तर टाके पडतात. हे लहान पोराला चावलं तर टाके घालायला जागा राहत नाही. २०२२ मध्ये लखनौला एका म्हाताऱ्या बाईंना त्यांच्याच घरच्या पिटबुलनं मारलं. ते बाहेरच्या चोराला भिववायला ठेवलेलं असो की हौसेनं, घरातल्या माणसाला त्याचं वजन चुकलं नाही.

सरकारनं २३ जातींवर बंदी घातली, मग मिळेल का, असंही विचारलंयस. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं तसं पत्र राज्यांना पाठवलं होतं, त्यात रॉटवायलर होतं. त्याच एप्रिलमध्ये आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्र रद्द केलं, कारण संबंधितांशी सल्लामसलत न करता ते काढलं होतं. तेव्हा मिळेल. पण मालकाची जबाबदारी कुणी रद्द केलेली नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणं जनावराबाबत हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. आणि गावात पंचनाम्याच्या आधी लोकांचा निकाल होतो, तो वेगळा.

तू कुत्रं कशासाठी मागतोयस? गाडीतलं डिझेल आणि बॅटरी चोरीला जाते म्हणून. अरे, चालणारी गाडी रात्री घरी कुठं असते? ती म्हापशाच्या बाजारात उभी असणार आणि कुत्रं खानापुरात तुझ्या आईवर गुरगुरणार. टाकीला जाळी आणि कुलूप लाव, बॅटरीच्या पेटीला लोखंडी पट्टी मार, वाटेत झोपायचं तर उजेडाच्या पेट्रोल पंपावर झोप.

आणि दिवसभर कुत्रं असणार साखळीवर, कारण तू गाडीवर आणि आईला ते आवरणार नाही. साखळीवरचं कुत्रं मी यार्डात पुष्कळ बघितलंय. त्याच्या जागेभोवती माती गोल झिजलेली असते. हमाल त्या रेघेच्या बाहेरून चालतात, रोज चालतात, ते रोज झेपावतंय, गळपट्ट्यानं मान कापलेली असते. एखाद्या दिवशी कडी तुटते. तेव्हा समोर चोर नसतो, जेवणाचा डबा घेऊन आलेली पोरगी असते.

तरी कुत्रं पाहिजेच असेल, नुसतं कुत्रं म्हणून, तर आपल्याकडचा मुधोळ बघ. बागलकोट जिल्ह्यात मुधोळजवळ तिम्मापूरला त्यांचं संशोधन केंद्र आहे. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी ही जात जपली, विलायतेच्या पाचव्या जॉर्ज राजाला भेट दिली. २००५ साली तिच्यावर टपालाचं तिकीट निघालं, पुढं लष्करानंही शिकवायला नेली. बारीक कंबर, लांब पाय, परक्यानं हात लावलेला आवडत नाही, पण अंगावर जायच्या ऐवजी बाजूला सरतंय. दिसायला उपाशी वाटतंय म्हणून गल्लीत रुबाब पडणार नाही. त्याला पळायला रान पाहिजे, ते तुमच्याकडं आहे. बांधून ठेवणार असशील तर तेही आणू नको. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस आणि मग दरवर्षी, हे चुकवायचं नाही. आणि कुणाचंही कुत्रं कुणालाही चावलं तर पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम धुवायची आणि तडक दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं चालू करायची. मिरची-हळद भरायची नाही, तुमच्या गल्लीत अजून भरतात.

दहा चाकीला मी कायमचं नाही म्हणत नाही. दोन पावसाळे पिकअपवर काढ, गोव्यातली उधारी वसूल करता येते का बघ, मुंबईच्या एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याशी ओळख कर. परतीचा माल ठरलेला असेल तर मी स्वतः जामीन राहतो.

आईला सांग, भाकरीबरोबरची ती शेंगाचटणी संपलीय. आणि रविवारी ऑटोनगरात जाणार असशील तर आधी आरसी बुकाच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठव. चेसिस नंबर स्पष्ट दिसू दे, मागच्या वेळी बोट आलं होतं.

तुझा,
काका